सकाळच्या दोन भाकरी

आईच्या ऑपरेशनला चौथा दिवस होता. आतड्याला पीळ पडला होता, तो सोडवून डॉक्टरांनी टाके घातले होते, आणि खाटेच्या पायथ्याशी अडकवलेल्या पुठ्ठ्यावर लाल शाईनं लिहिलं होतं, ‘तोंडाने काही देऊ नये.’ चार दिवस तिच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता. ओठ वाळून त्यांची सालपटं निघत होती. बहीण अर्ध्या अर्ध्या तासानं कापसाचा बोळा पाण्यात बुडवायची, पिळायची आणि तिच्या ओठांवरून फिरवायची. आई जिभेनं तेवढा ओलावा टिपून घ्यायची. संध्याकाळी आमच्या चर्चचे पाळकसाहेब भेटायला आले. नेमका त्याच वेळी शेजारच्या खाटेवरच्या बाईचा गावाकडून आलेला डबा उघडला होता. पिठलं, लसणाचा ठेचा आणि फडक्यात गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकरी. फिनेलच्या वासातून तो भाकरीचा वास असा सरळ आमच्यापर्यंत आला की बहिणीनं उठून मधला पडदा ओढून घेतला. पडद्यानं वास थांबत नाही. पाळकसाहेबांनी छोटीशी प्रार्थना केली आणि शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून येशूनं शिकवलेली प्रभूची प्रार्थना सुरू केली. आई डोळे मिटून नुसते ओठ हलवत होती. भाकरीच्या ओळीवर आलो तेव्हा मात्र चार दिवस न फुटलेला तिचा आवाज फुटला. ती म्हणाली, “आमची उद्याची भाकर आज आम्हाला दे.”

मी तिच्या कानाशी वाकून म्हणालो, “रोजची, आई. रोजची भाकर.”

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. पुढची प्रार्थना तिनं म्हटली नाही.

त्या दिवशी सकाळी डॉक्टर राउंडला आले तेव्हा म्हणाले होते, “वारा सरला की उद्यापासून पाणी सुरू करू.” दिवसभर तिच्या डोक्यात तो ‘उद्या’ घोळत असणार आणि तोच प्रार्थनेत आला, असा मी अर्थ लावला. अर्थ लागला तरी टोचणी गेली नाही. पंच्याहत्तरी उलटलेल्या, उपाशी बाईची प्रार्थना मी मधेच अडवली होती. सहा दशकांहून जास्त काळ जी ओळ ती रोज दिवेलागणीला म्हणत आली, ती मी तिला शिकवत होतो. त्या रात्री वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर पडून मी ती ओळ मनात पुन्हा पुन्हा म्हटली आणि पहिल्यांदाच मला ती थोडी विचित्र वाटली. आमची रोजची भाकर आज आम्हाला दे. ‘आज’ आहेच, मग ‘रोजची’ कशाला? एकाच ओळीत दोनदा दिवस मोजायचं काय कारण? प्रार्थना इतकी आखूड, तिच्यात एक शब्द उगाच पडलेला असेल असं वाटेना.

माझा मामेभाऊ पाळक आहे. धर्मशास्त्राचं शिक्षण घेताना तो ग्रीक शिकला. दुसऱ्या दिवशी आईला दोन चमचे पाणी दिलं, ते तिच्या पोटात राहिलं, आणि तेवढ्या आनंदात मी त्याला फोन लावला. सगळं सांगून विचारलं, आपल्या मराठीत ‘रोजची’ आहे तिथं मूळ ग्रीक शब्द कोणता? तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, “दादा, सगळा नवा करार सोडून तू नेमका त्याच शब्दावर बोट ठेवलंस. त्याचा अर्थ नक्की कोणालाच माहीत नाही.”

शब्द आहे ‘एपिऊसिओस’. भावानं सबंध ओळ मला फोनवर हळूहळू सांगितली आणि मी ती औषधाच्या चिठ्ठीमागे लिहून घेतली: तोन आर्तोन हेमोन तोन एपिऊसिओन, दोस हेमिन सेमेरोन. आर्तोन म्हणजे भाकर, हेमोन म्हणजे आमची, सेमेरोन म्हणजे आज. ‘दोस’ कळायला कोणाची मदत लागली नाही. आपलं ‘दे’ आणि त्यांचं ‘दोस’ एकाच मुळातून निघालेत, ते कानालाच कळतं. सगळी ओळ अशी स्वच्छ, घरगुती, आणि मधोमध हा एक शब्द. नव्या करारात येशूच्या चरित्राची जी शुभवर्तमानं आहेत, त्यांतल्या मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्यात, दोन्हीकडे ह्याच प्रार्थनेत तो येतो. ‘दिदाखे’ नावाचं सुरुवातीच्या ख्रिस्ती मंडळीचं एक जुनं पुस्तक आहे, त्यातही हीच प्रार्थना आहे आणि तिथं तो येतो. त्याच्या आधीच्या अख्ख्या ग्रीक वाङ्मयात, कवींत, नाटककारांत, तत्त्वज्ञांत, व्यापाऱ्यांच्या पत्रांत कुठंही नाही. तिसऱ्या शतकात ओरिजेन नावाच्या पंडितानं प्रार्थनेवर ग्रंथ लिहिला. अलेक्झांड्रियात वाढलेला माणूस, ग्रीक ही त्याची रोजच्या बोलण्याची भाषा. त्यानं स्पष्ट लिहून ठेवलं की हा शब्द विद्वानांच्या लिखाणात नाही आणि सामान्य लोकांच्या तोंडीही नाही, शुभवर्तमान लिहिणाऱ्यांनीच तो घडवलेला दिसतो. शुभवर्तमानं लिहिली गेली त्याला तेव्हा जेमतेम दीडशे वर्षं झाली होती. इतक्या जवळच्या, त्याच भाषेत जन्मलेल्या माणसाला जिथं अडलं, तिथं आम्ही मराठीत ‘रोजची’ म्हणून सरळ पुढे जात होतो.

येशू बोलला अरामी भाषेत. म्हणजे ग्रीक हेसुद्धा भाषांतरच. कोणीतरी, आपल्याला नाव माहीत नसलेला एक भाषांतरकार, अरामीतला कुठलासा शब्द ऐकून थांबला आणि त्याला वाटलं, ह्याला आपल्या भाषेत शब्द नाही. हाताशी ‘रोजचं’ म्हणायला साधे, वापरातले ग्रीक शब्द होते, ते त्यानं घेतले नाहीत. नवा घडवला. त्या माणसाचा मी पुष्कळ दिवस विचार करत होतो.

शब्द फोडायला गेलं की दोन वाटा फुटतात, आणि मराठी माणसाला त्या दोन्ही ओळखीच्या वाटतील. ‘एपि’ म्हणजे वर, साठी, पुढे, असं काहीसं. त्यापुढं ‘ऊसिआ’ मानलं, तर ते ग्रीकमधल्या ‘असणे’ ह्या क्रियापदातून आलेलं नाम. त्याचं मूळ तेच जे संस्कृत ‘अस्ति’चं आणि आपल्या ‘असणे’चं. मग अर्थ होतो, असण्यासाठी लागणारी भाकर. जिच्यावर जीव तगून राहतो ती. दुसरी वाट म्हणजे तो शब्द ‘येणे, पुढे येऊन ठेपणे’ ह्या क्रियापदातून आलाय असं मानायचं. त्याचं मूळ संस्कृत ‘एति’शी जुळतं. ग्रीकमध्ये ‘हे एपिऊसा’ म्हणजे येणारा दिवस, दुसरा दिवस. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात पौल त्रोवसहून जहाजानं निघतो आणि ‘दुसऱ्या दिवशी’ नियापोलिसला पोचतो, तिथं हाच शब्द आहे. मग अर्थ होतो, येणाऱ्या दिवसाची भाकर. सगळा वाद असा ‘असणे’ आणि ‘येणे’ ह्या दोन धातूंमध्ये येऊन उभा राहतो. व्याकरणवाले संधीकडे बोट दाखवतात. ‘एपि’ आणि ‘ऊसिआ’ जोडले तर मधला ‘इ’ गळून पडायला हवा होता, तो राहिलाय. म्हणून ‘येणे’कडे पारडं झुकतं. पण हा नियम मोडणारे शब्दही ग्रीकमध्ये आहेत, त्यामुळे संधीवर निकाल लागत नाही.

येणाऱ्या दिवसाची. म्हणजे संध्याकाळी प्रार्थना केली, तर उद्याची.

हे भावानं सांगितलं तेव्हा मी हॉस्पिटलच्या जिन्यात उभा होतो. वरून कोणीतरी स्ट्रेचर आणत होतं, लोक “बाजू, बाजू” म्हणत होते, आणि मी भिंतीला टेकून फोन कानाला दाबून धरला होता. तो पुढे सांगत होता की जेरोम नावाच्या पंडितानं चौथ्या शतकाच्या शेवटी शुभवर्तमानांचं लॅटिन नीट करायला घेतलं, तेव्हा त्यानं ह्या एकाच शब्दाचे दोन अनुवाद केले. लूकमध्ये जुनं चालत आलेलं ‘रोजची’ तसंच ठेवलं आणि मत्तयात ‘सुपरसुब्स्तान्सिआलेम’ असा लांबलचक शब्द बसवला. सगळ्या पदार्थांच्या पलीकडची, सत्त्वापलीकडची भाकर. त्यातून पुढं प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीनं चर्चमध्ये मोडतात त्या भाकरीपर्यंत विचार गेला. पण त्याच जेरोमनं मत्तयावरच्या भाष्यात आणखी एक नोंद केलीय. इब्री, म्हणजे हिब्रू लोकांचं म्हणून ओळखलं जाणारं एक शुभवर्तमान त्यानं पाहिलं होतं. ते आता उरलेलं नाही. त्यात ह्या ठिकाणी ‘माहार’ हा शब्द होता, असं तो लिहितो. इब्रीत माहार म्हणजे उद्या. आमची उद्याची भाकर आज आम्हाला दे.

मी जिना चढून वर गेलो. आई झोपली होती. सलाइनचा थेंब पडत होता. मला तिला उठवून सांगावंसं वाटलं, आणि अर्थातच उठवलं नाही.

पुढच्या काही महिन्यांत मी ह्या शब्दाच्या मागे लागलो. भावाकडून पुस्तकं आणली, ग्रीक अक्षरं गिरवली. वेगवेगळ्या देशांतल्या मंडळ्यांनी ह्या एका शब्दाशी कसा कसा संसार केला ते वाचताना मला शब्दकोश वाचल्यासारखं वाटायचं नाही, घराघरांतल्या स्वयंपाकघरांत डोकावल्यासारखं वाटायचं. सिरियाक ही येशूच्या भाषेची अगदी सख्खी बहीण. तिच्यातल्या सर्वांत जुन्या भाषांतरात ‘नित्याची’ भाकर आहे आणि नंतरच्यात ‘आमच्या गरजेची’. इजिप्तमधल्या कॉप्टिक लोकांच्या एका भाषांतरात तर थेट ‘उद्याची’ आहे. हिंदीवाले ‘दिन भर की रोटी’ म्हणतात. गोव्यातली कोकणी प्रार्थना भाकरही म्हणत नाही आणि अन्नही म्हणत नाही, ‘गिरास’ म्हणते. आपला घास आणि त्यांचा गिरास दोन्ही ‘ग्रास’चीच लेकरं. एक घास मागायचा. हे वाचून मला फार बरं वाटलं होतं. आई पानावर बसली की पहिला घास हातात घेऊन क्षणभर थांबते, ते आठवलं.

एक हकीकत मात्र वाचून मी कितीतरी दिवस अस्वस्थ होतो. एकोणिसाव्या शतकात इजिप्तमधल्या हवारा इथं उत्खननात पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे पुष्कळ तुकडे सापडले. त्यांतल्या एकावर कुठल्याशा घरातल्या खर्चाची यादी होती. सेस नावाच्या अभ्यासकानं ती वाचून १८८९ मध्ये छापली. यादीत हरभरे वगैरे जिन्नस होते, आणि एका ओळीत अर्धवट अक्षरं होती: ‘एपिऊसि’. पुढे पंडितांच्या ते लक्षात आलं आणि खळबळ उडाली. सापडला! ज्या शब्दावर ओरिजेन अडला, तो कुणाच्या तरी वाण्याच्या हिशोबात पडला होता. म्हणजे तो घरगुती वापरातला शब्द, एका दिवसाचा शिधा, असा काहीतरी अर्थ असणार. पण फेरतपासणी करायला मूळ तुकडाच सापडेना. १९९८ मध्ये तो अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात मिळाला. नीट वाचला तर तिथं ‘एलाइऊ’ होतं. तेलाचे. कुणीतरी तेल आणलं होतं, त्याचा खर्च. इतक्या वर्षांचा आधार एका वाचनात गेला आणि शब्द पुन्हा एकटा पडला. मला वाईट वाटलं खरं. पण त्या अज्ञात बाईबद्दल किंवा बाप्याबद्दल जवळीकही वाटली, ज्यानं शेकडो वर्षांपूर्वी हरभरे आणि तेल लिहून ठेवलं. आमच्या घरी भिंतीवर कोळशानं दुधाचा हिशोब असायचा.

ग्रीकमध्ये काय आहे ते विद्वानांनी ठरवावं. मराठीत काय आहे ते मला माहीत आहे, आणि ते मला आधी कधी ऐकू आलं नव्हतं. ‘रोजची भाकर’ ह्यातला ‘रोज’ आम्हा मजुरांच्या घरात नुसता दिवस नव्हता. रोज म्हणजे मजुरी. आई रोजानं जायची. “आज कोणाच्यात रोज आहे?” असं बाया सकाळी एकमेकींना विचारायच्या. खुरपणी, निंदणी, कापणी, भुईमूग काढणं; दिवस मावळता मावळता रोज हातात पडायचा आणि आई तशीच दुकानावर जाऊन ज्वारी, मीठ-मिरची, चिमणीपुरतं रॉकेल घेऊन घरी यायची. रात्री त्याच ज्वारीच्या पिठाच्या भाकरी. म्हणजे आजच्या कामाचा रोज आज संध्याकाळी मिळणार आणि त्यात उद्या सकाळचं पोट भरणार. त्याच मत्तयाच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्याच्या मालकाची गोष्ट आहे. तो सकाळपासून मजूर सांगत राहतो, शेवटचे तर दिवस कलताना येतात, आणि संध्याकाळी सगळ्यांच्या हातावर सारखाच एक एक दिनार पडतो. उपदेशांत ह्या गोष्टीचे मी खूप अर्थ ऐकलेत. मला मात्र नेहमी दिसते ती शेवटच्या मजुराची बायको, चूल पेटवायची की नाही म्हणून दारात थांबलेली.

हे ‘रोज’ बंद झालं की काय होतं ते मी १९७२ ला पाहिलं. मी सात वर्षांचा होतो. विहिरीच्या तळाला चिखल होता आणि बायका वाटीनं तो गाळून घ्यायच्या. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. मुलांना सुकडी मिळायची, आणि रेशनला मिलो आला होता, परदेशातून आलेली लाल ज्वारी. तिची भाकर थापताना चिरायची, तव्यावर टाकली की कडा फाटायच्या, आणि खाताना घशाखाली उतरायची नाही. दुष्काळी कामाचा पगार रोजच्या रोज नसायचा, हप्त्यानं व्हायचा, कधी तोही लांबायचा. त्या दिवसांत आमच्याकडं दिवेलागणीची प्रार्थना चुकली नाही. कंदिलाच्या उजेडात आई, आजी, आम्ही दोघं भावंडं. “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे,” म्हणताना आजीचा आवाज चढायचा. ती मागत नव्हती, आठवण करून देत होती, असं मला आता वाटतं.

आणि त्या वर्षीही, मिलोच्या का होईना, आई रात्री दोन भाकरी जास्तीच्या करायची.

हे मला सांगायचंय. आमच्या घरी रात्रीच्या भाकरी झाल्या की शेवटच्या दोन भाकरी आई वेगळ्या काढायची. काठवटीत उरलेलं पीठ गोळा करून, कोमट पाण्याचा हबका मारून ती ते मळायची. मनगटाच्या खालच्या भागानं रगडून रगडून, चिकणमातीसारखं मऊ होईपर्यंत. मग गोळा, आणि थापणं. त्याचा आवाज मला अजून झोपेत ऐकू येतो. आधी जड, एकेक थाप, मग भाकर फिरायला लागली की हलका, भरभर. ती अलगद उचलून तव्यावर पडायची, वरून पाण्याचा हात फिरायचा, वाफ यायची. उलटायची, आणि मग तवा बाजूला सरकवून चुलीच्या तोंडाशी ओढलेल्या इंगळांवर तिरकी उभी. पापुद्रा टम्म फुगायचा. ह्या शेवटच्या दोन भाकरी ती जरा जास्त कडक भाजायची, म्हणजे रात्रीत मऊ पडून चिवट होत नाहीत. त्या टोपलीत सर्वांत खाली जायच्या, वर फडकं, टोपली शिंक्यावर. सकाळी अंधारात कामाला निघताना त्यांतली एक चटणी-कांद्याबरोबर फडक्यात बांधून ती नेणार आणि दुसरी आम्ही दोघं चहात बुडवून खाणार. टोपली शिंक्यावर चढली की घर झोपायचं. ज्या रात्री टोपलीत काही नसायचं, त्या रात्री आई कूस बदलत राहायची. मातीच्या जमिनीवर गोधडीची सळसळ ऐकू यायची.

उद्याची चिंता करू नका, असं येशूनं त्याच सहाव्या अध्यायात, पुढं वीस-बावीस वचनांवर सांगितलंय. म्हणून काही पंडित म्हणतात की तो उद्याची भाकर मागायला कशी सांगेल? मी ह्या प्रश्नाशी पुष्कळ झगडलो. मान्ना आठवला, देवानं आकाशातून दिलेलं अन्न. अरण्यात इस्राएल लोकांना रोज सकाळी ज्याचं त्याचं, त्या दिवसापुरतं मिळायचं; कुणी उरवून ठेवलं तर त्यात किडे पडायचे. साठवू नका, हे तिथं स्वच्छ आहे. पण निर्गमच्या त्याच सोळाव्या अध्यायात सहाव्या दिवशी दुप्पट मिळतं. शब्बाथाला बाहेर पडायला नको, विसावा घ्यावा, म्हणून दोन दिवसांची भाकर आज. आणि ती रात्रभर राहूनही सडत नाही. देव स्वतः उद्याची भाकर आज देतो, विसाव्यासाठी. मला हे वाचून आईची टोपली दिसली. कोठारं भरणं वेगळं आणि दोन भाकरी फडक्याखाली ठेवणं वेगळं. ज्याच्या घरात कणगी भरलेली आहे त्याला हा फरक समजावून सांगावा लागेल, आमच्या वस्तीवर कुणालाच सांगावा लागला नसता. उद्याची चिंता जाते कशानं? उद्याची भाकर आज टोपलीत असल्यानं. पोट आज भरलेलं असतं तेव्हाही झोप येत नाही, अशा रात्री ज्यांनी काढल्यात त्यांच्यासाठी ही प्रार्थना आहे असं मला वाटतं, आणि हे मी कोणाशीही वाद घालून म्हणायला तयार आहे.

लूकमधला फरकही मला मराठीमुळं उमगला. मत्तयात ‘दोस’, म्हणजे दे, आत्ता, एकदा. लूकमध्ये त्याच क्रियापदाचं दुसरं रूप, ‘दिदू’, आणि ‘आज’च्या ऐवजी ‘दिवसेंदिवस’. म्हणजे देत जा. दे आणि देत जा. पोर आईकडं एकदा हात पसरतं तो ‘दे’, आणि पोरीला सासरी धाडताना आई जावयाला म्हणते, “हिला माहेरी पाठवत जा,” तो दुसरा. 

केडगावला मी ह्या काळात एकदा जाऊन आलो. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन. संस्कृत ज्यांच्या जिभेवर होतं, त्या बाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सबंध शास्त्र मराठीत आणलं. कितीतरी वर्षं त्या कामात गेली. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा काम हातावेगळं झालेलं होतं, आणि १९२४ मध्ये त्यांचं बायबल बाहेर आलं. खिळे जुळवायचं, छापायचं काम मुक्तीतल्या मुलींनी-बायांनीच केलं. त्यांतल्या कितीजणी दुष्काळातून आलेल्या होत्या. १८९६-९७ च्या आणि १९०० च्या दुष्काळात रमाबाईंनी शेकडो मुलींना तिथं आणलं. कमी शिकलेल्या बायांना कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. तिथल्या झाडांखाली उभं राहून मी एकच चित्र डोळ्यांपुढं आणत होतो: दुष्काळात सापडलेली एखादी पोर, आता मोठी झालेली, शाईनं काळ्या बोटांनी ‘भाकर’ ह्या शब्दातला भ, क, र एकेक उचलून ओळीत बसवते आहे. आर्तोससाठी ‘भाकर’ हा शब्द आपल्याकडं रुजला, हे मला फार मोठं भाग्य वाटतं. येशूच्या गालील प्रांतातल्या गरिबांची भाकर जवाची होती. योहानाच्या शुभवर्तमानात, येशू पाच हजारांना जेवू घालतो त्या गोष्टीत, पोराजवळच्या पाच भाकरी जवाच्या आहेत. पोळी म्हटलं असतं तर ती सणाची झाली असती.

आई बरी होऊन घरी आली. पहिले पंधरा दिवस पेज आणि मुगाचं पाणी, मग दुधात कुस्करलेली भाकर, पापुद्रा काढून. संक्रांतीच्या आसपासची एक संध्याकाळ आठवते. ओट्यावर उन्हाची तिरीप होती, ती पायांवर पदर घेऊन बसली होती आणि मी तिला सगळं सांगत होतो. ओरिजेन, जेरोम, ते हरवलेलं शुभवर्तमान, माहार. तिनं सगळं ऐकून घेतलं. हॉस्पिटलमधलं तिला काही आठवत नव्हतं.

“मी म्हणाले? उद्याची?”

“हो. आणि जेरोमनं लिहिलंय, तसंच होतं म्हणून.”

ती थोडा वेळ उन्हाकडं बघत राहिली. मग म्हणाली, “मग तू मला टोकलं कशापायी?”

मला उत्तर देता आलं नाही. तिला उत्तर हवंच होतं असंही वाटलं नाही, कारण लगेच तिनं आतल्या बाजूला मान वळवून माझ्या बायकोला हाक मारली, “सकाळच्या दोन ठिवल्यात का गं?” आमच्या घरातून आता सकाळी अंधारात कुणी कामाला जात नाही. गॅस आहे, दोन मिनिटांत ताजं होतं. तरी आतून आवाज आला, “ठेवल्यात, आई.”

दिवे लागले तशी तिनं पदर डोक्यावर घेतला आणि प्रार्थना सुरू केली. नेहमीच्या तिच्या वेगानं, नेहमीच्या हेलात. त्या ओळीवर आली तेव्हा ती ‘रोजची’च म्हणाली, न अडखळता. मी त्या शब्दापाशी गप्प राहिलो. मला तिचा आवाज ऐकायचा होता.